सरांचा अध्यादेश आणि अक्कांच्या मिरच्या

आमच्या सरांनी उभं आयुष्य एका प्रश्नावर घालवलं. मंत्री, राज्यपाल, सचिव या मंडळींना विधानसभेला न विचारता किती करता येतं? यावर त्यांनी दोन जाड पुस्तकं लिहिली, दिल्लीच्या नियतकालिकांत लेख लिहिले, आणि एकदा कुणा मंत्र्याच्या माणसानं खासगीत सल्ला विचारला तेव्हा "हे घटनेत बसत नाही" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की पुढं त्यांना कॉलेजचं प्राचार्यपद मिळालं नाही. हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा वाढलेला असे.

दिल्लीत त्यांचं नाव होतं. कोल्हापुरात, ते राहत त्या गल्लीत, त्यांची ओळख 'कोर्टात न जाणारे वकील' एवढीच होती. मलकापूरकडचे त्यांचे भाऊबंद सकाळी सकाळी पायरीवर येऊन बसत.

"शेजाऱ्यानं बांध कोरलाय. काय करायचं?"

"हे दिवाणी वकिलाचं काम आहे. मी राज्यघटना शिकवतो."

"एवढं मोठं पुस्तक हाय म्हणं घटनेचं. त्यात एक बांध बसंना व्हय?"

सर हसत, चहा पाजत आणि आपल्याच एका विद्यार्थ्याकडं त्यांना धाडून देत.

मी त्यांच्याकडं एलएलएमच्या प्रबंधासाठी आले ती नव्वदचं दशक संपता संपता. माझे वडील वारणानगरला साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले आणि बोलायची वेळ आली की शक्यतो पाणी प्यायला उठत असे. वर्गात दोन वर्षं मी जवळजवळ गप्पच होते. मार्गदर्शक म्हणून सरांना निवडलं त्याचं खरं कारण त्यांची विद्वत्ता नव्हतं. ते इतकं बोलत की त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाला बोलावं लागत नसे.

पण हे माझं गणित पहिल्याच महिन्यात चुकलं. सरांची कामाची एक पद्धत होती. कुठलंही प्रकरण लिहिण्याआधी ते दुधाच्या कट्ट्यावर सांगून बघायचं. संध्याकाळी गवळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधत, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देत, आणि दूध प्यायला जमलेल्या लोकांना सर राज्यघटना सांगत. तिथं समजलं तरच ते पुस्तकात जायचं. आता माझ्या प्रबंधाचा विषय अध्यादेश, म्हणजे ती प्रकरणं मीच सांगायची असं त्यांचं म्हणणं.

मला 'अध्यादेश' हा शब्दसुद्धा तोंडानं उच्चारायची सवय नव्हती. मी पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिले. म्हैस माझ्याकडं बघत होती. तीच त्यातल्या त्यात ओळखीची वाटली.

शेवटी सरांनाच राहवलं नाही.

"समजा," ते मिशीचा फेस पुसत म्हणाले, "घरात कायदा करते बायको. ती विधानसभा. नवरा म्हणजे सरकार. बायको माहेरी गेली, आणि अचानक काहीतरी निकड आली. मग नवऱ्यानं काय करायचं? तात्पुरता कायदा आपणच काढायचा. त्याला म्हणायचं अध्यादेश."

"आणि बायको परत आल्यावर?" कट्ट्यावरचा एक मिशाळ माणूस म्हणाला.

"तिच्यापुढं ठेवायचा. तिनं मंजूर केला तर ठीक. न्हाय केला तर ती आल्यापासून सहा आठवड्यांत आपोआप खलास."

"सहा आठवडे!" तो माणूस म्हणाला. "सर, तुमच्यात लई लाड हायत. आमच्यात चप्पल काढस्तोवर खलास हुतंय."

सगळा कट्टा हसला. सरही हसले, पण मग गंभीर झाले. कारण पुढचा भाग त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. खरी निकड नसताना, मुद्दाम बायको माहेरी जायची वाट बघून अध्यादेश काढायचा, ही त्यांच्या मते राज्यघटनेशी केलेली लबाडी होती. त्यांचं दुसरं पुस्तक सगळं याच लबाडीवर होतं. अमुक सभागृह कधी उठलं, तमुक अध्यादेश कधी निघाला, मधे किती वेळ गेला, हे सांगताना त्यांना संताप आवरत नसे. "सभागृहाचे दिवे विझायच्या आत यांची सही तयार!" असं ते म्हणत आणि पेला इतक्या जोरात आपटत की गवळी दरवेळी पेल्याला चीर गेली का ते बघून घेई.

ही झाली सरांची विद्वत्ता. आता अक्का.

अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं. बाजारपेठेत तेलाचं दुकान असलेलं घर, घरात निम्मं कन्नड. मी पहिल्यांदा 'काकू' म्हटलं तर म्हणाल्या, "काकू बिकू नगो. अक्का म्हण." त्या स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' असं म्हणत. आमच्या भागात बऱ्याच बायका म्हणतात, पण अक्का म्हणत तेव्हा त्यात एखाद्या फौजदाराचा रुबाब असे. राग अनावर झाला की त्यांच्या तोंडून "साकु!" एवढा एकच शब्द निघे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'पुरे'. मला कन्नड येत नाही, पण अर्थ कुणी सांगायची गरज कधी पडली नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझी अडचण झाली. परीक्षा झाल्या होत्या, प्रबंध अर्धा राहिला होता, आणि हॉस्टेलच्या नियमाप्रमाणे महिनाअखेर खोली सोडायची होती. वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं. कोल्हापुरात चांगल्या घरात राहायची सोय झाली तर पूर्ण कर, नाहीतर घरी ये. घरी ये याचा पुढचा भाग ते बोलत नसत, पण मला माहीत होता. पुण्याच्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं होतं आणि त्या लोकांना मे महिन्यात मुलगी बघायची होती. त्यांना वकील सून चालणार होती, पण 'आणखी शिकणारी' नको होती. घरी गेले असते तर प्रबंध तिथंच राहिला असता, हे मला एखाद्या निकालपत्रासारखं लख्ख दिसत होतं.

मी हे सरांना सांगितलं. म्हणजे तीन वाक्यं बोलले आणि पाणी प्यायला उठले.

सर म्हणाले, "आमच्या वरच्या खोलीत राहा. माझी जुनी सगळी पुस्तकं तिथंच आहेत. लागेल तेव्हा लागेल ते हाताशी."

"अक्कांना विचारलंत?"

"बघतो," सर म्हणाले.

त्यांनी बघितलं ते असं. अक्कांच्या भाच्याचं लग्न होतं. आठ-दहा दिवसांसाठी त्या गडहिंग्लजला निघाल्या. त्या सकाळी मी पुस्तक परत करायला गेले होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. अक्कांची रिक्षा गल्लीच्या तोंडाला वळली. सरांनी हात हलवला. रिक्षा दिसेनाशी झाली, आणि त्यांचा हलणारा हात खाली यायच्या आत सर मला म्हणाले, "खोली तुझी. वडिलांना कळव."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचा मागमूस नव्हता.

वरच्या खोलीत एक गोष्ट आड येत होती. मिरच्या. कोल्हापुरात घराघरांत उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, कुटून आणायचं. अक्कांनी त्या खोलीत जमिनीवर जुन्या साड्या अंथरून तीन ढीग घातले होते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी आणि दिराच्या घरासाठी वेगळी लवंगी, कारण त्यांना जेवताना घाम आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. कुठली किती घ्यायची हे प्रमाण अक्कांच्या हातात होतं आणि त्याची ख्याती तीन गल्ल्यांत होती.

सरांनी दारात उभं राहून तिन्ही ढिगांचं अवलोकन केलं. मग एक पोतं आणलं आणि तिन्ही ढीग त्यात भरले.

"सर," मी म्हणाले.

"काय?"

मला सांगायचं होतं की हे वेगळे वेगळे दिसताहेत. पण मराठीत वाक्य जुळवेपर्यंत दुसरा ढीग पोत्यात गेला होता, आणि तिसऱ्याच्या वेळी सरांना शिंका सुरू झाल्या. त्यांनी एकामागून एक इतक्या शिंका दिल्या की शेजारच्या घरातून कुणीतरी "काय वो सर, फोडणी घालताय का?" असं विचारलं.

"मिरच्या त्या मिरच्याच," सर डोळे पुसत म्हणाले, आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

पुढं आठवडाभर मी दुपारभर तिथं बसून काम केलं आणि संध्याकाळी हॉस्टेलला परतले. त्या खोलीच्या हवेत अजून तिखट होतं. पान उलटलं की नाकात झिणझिण्या येत. राज्यपालांच्या अधिकारांवरचं माझं सगळं टिपण मी डोळ्यांत पाणी आणून लिहिलं आहे. सर मधूनमधून वर येत, समाधानानं बघत आणि शिंकत खाली जात. अक्कांचा फोन आला की मी खालून ऐके. "सगळं ठीक हाय. न्हाय, काही विशेष न्हाय. सर्दी झालीय जरा."

सरांनी माझ्या वडिलांनाही फोन केला आणि घरच्यांची संमती आहे असं सांगितलं. वडील अतिशय सरळ माणूस. प्राध्यापकानं सांगितलं म्हणजे झालं. त्यांनी सुट्टी काढली, कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाची जीप घेतली, हॉस्टेलमधून माझी ट्रंक, गादी आणि टेबलफॅन उचलला आणि सरांच्या दारात येऊन उभे राहिले.

नेमकी त्याच वेळी अक्कांची रिक्षा आली. लग्न आटोपून त्या एक दिवस आधी परतल्या होत्या.

रिक्षातून आधी लाडवांचा डबा उतरला, मग पिशव्या, मग अक्का. त्यांनी ट्रंक बघितली, गादी बघितली, वडिलांच्या काखेतला टेबलफॅन बघितला आणि म्हणाल्या, "या पावणं. आत या की. उन्हात का उभं?"

आम्ही आत गेलो. अक्कांनी चहा टाकला. वडिलांनी, रीतीप्रमाणे, आभार मानायला सुरुवात केली.

"तुम्ही मुलीची सोय केलीत, फार उपकार झाले. आजकाल कोण आपल्या घरात ठेवून घेतं!"

अक्कांनी सरांकडं बघितलं. सरांनी वर्तमानपत्र उचललं.

"व्हय," अक्का सावकाश म्हणाल्या. "कोण ठेवून घेतंय." आणि लाडवांचा डबा ठेवायला म्हणून जिना चढून वर गेल्या.

वडिलांनी चहा बशीत ओतला. मग वरून "अय्यो!" ऐकू आलं. वडिलांच्या बशीतला चहा सांडला. अक्का खाली आल्या त्या मूठभर मिरच्या घेऊन. एका तळहातावर ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, सगळ्या एकत्र.

"हे कुणी केलं?"

सरांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. आता त्यांचे केसही दिसेनात.

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. साहजिक होतं. खोलीत टेबल माझं, वह्या माझ्या, ओढणीसुद्धा खुंटीला माझीच. वडिलांनीही माझ्याकडं बघितलं आणि त्यांची मान खाली गेली.

"लेकराला काय ठावं मिरचीतलं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "इंग्रजी शाळंतली पोर. पण विचारायचं की, बाई."

वडील उठले. "माफ करा. मी तिला घेऊन जातो. तिची आई तिला चार गोष्टी शिकवेल." आणि त्यांनी टेबलफॅन पुन्हा काखेत घेतला.

मी वर्तमानपत्राकडं बघत होते. क्रीडा पान माझ्या बाजूला होतं. त्याच्या पलीकडं बसलेल्या माणसानं मला शिकवलं होतं की आदेश ज्यानं दिला त्याची सही त्याखाली असलीच पाहिजे, नाहीतर शिपायाला फासावर देऊन मंत्री मोकळा होतो. हे ते कट्ट्यावर फार छान सांगत. मी वाट बघितली. वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं.

"अक्का, मी नाही," मी म्हणाले. "सरांनी."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वडील दचकले. "अगं, गुरूचं नाव घेतेस?"

"त्यांनीच पोत्यात भरल्या. मी बघत होते."

वर्तमानपत्र खाली आलं. मला वाटलं सर चिडतील. पण त्यांना शिंक आली. एक, मग दुसरी. त्यांनी रुमाल काढला आणि आम्हा सगळ्यांकडं बघितलं. पकडल्या गेलेल्या माणसाला थोडं बरंही वाटतं, तसं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं.

"मीच," ते म्हणाले. "पण परिस्थितीच तशी होती. निकड होती. हॉस्टेल सुटत होतं, तू नव्हतीस—"

"नव्हतो म्हंजे? गडहिंग्लजला गेलतो, चंद्रावर न्हवं! रोज फोन करत हुतो की. सर्दी झाली सांगाय जमलं, हे सांगाय न्हाय जमलं?"

"मुद्दा चांगला आहे," सर सवयीनं म्हणाले.

"मार्क देऊ नका मला!"

"नाही, पण निकड होती का आणि ती कुणी ठरवायची, हाच तर—"

"साकु!"

सर थांबले. वडीलही, काही बोलत नसताना, थांबले.

अक्कांनी मिरच्या ताटात ठेवल्या आणि हात झटकले. "ती खोली मिरच्यांची हाय. तिथं माणूस ऱ्हायचं न्हाय. माझं ठरलं."

झालं. वडिलांनी सुस्कारा सोडला. त्यात निम्मी तरी सुटका होती, हे मला दिसलं. ते ट्रंकेकडं वळले. एवढं सगळं जुळून यायला आलं होतं आणि आता मी जीपमध्ये बसणार, वाटेतलं कोडोली मागं पडणार, घर येणार, आणि मे महिन्यात चहाचा ट्रे.

कट्ट्यावर म्हशीसमोर मला शब्द सुचले नव्हते. इथंही चांगले सुचले नाहीत.

"अक्का, मला राहायचंय," मी म्हणाले. "माझं अर्धं झालंय. घरी गेले की होणार नाही ते. कधीच नाही होणार."

वडिलांचा हात ट्रंकेच्या कडीवर होता, तो तिथंच राहिला. हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "मग ऱ्हा की," त्या म्हणाल्या, जणू मी काहीतरी फार सोपं फार अवघड करून विचारलं होतं. "मी कुठं ऱ्हाऊ नगो म्हटलं? मिरच्यांच्या खोलीत ऱ्हाऊ नगो म्हटलं. आठवडाभर बसलीस तिथं? डोळं बघ आरशात. ससा झालाय."

आणि त्या उठून सरांच्या अभ्यासिकेत गेल्या.

अभ्यासिका म्हणजे खालची पुढची खोली. घरातली सगळ्यात थंड. मोठं सागवानी टेबल, फिरती खुर्ची, खिडकीबाहेर पेरूचं झाड. सर तीस वर्षं तिथं लिहीत होते आणि तिथली उशीसुद्धा कुणी हलवायची नाही असा त्यांचा दंडक होता. अक्कांनी टेबलावरच्या फायली दोन्ही हातांत उचलल्या आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवल्या.

"ही खोली पोरीची. तिचं हुईस्तोवर."

"अगं, माझं लिखाण!"

"वर लिवा. एवढी हौसंनं मोकळी केलीय खोली, तुम्हीच बसा की तिथं. आणि बसल्या बसल्या ते पोतं उपसायचं. ब्याडगी एकीकडं, संकेश्वरी एकीकडं. लवंगी लहान असतीया, चष्मा लावा."

सर फायली सांभाळत उभे राहिले. "या निर्णयाविरुद्ध दाद कुठं मागायची?"

"मिरच्या निवडून झाल्या की सांगतो."

त्यांनी माझ्या वडिलांकडं बघितलं, पुरुषानं पुरुषाकडं बघावं तसं. वडिलांनी नजर चुकवली आणि टेबलफॅन लावायला जागा शोधू लागले. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "त्या पुण्याच्या लोकांना दिवाळीनंतर या म्हणून सांगतो." मग जीपपर्यंत जाऊन परत आले. "किंवा नकोच म्हणतो. तू लिही."

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात वरून शिंका येत आणि खाली मी लिहीत असे. सरांनी मिरच्या निवडल्या, खरोखरच निवडल्या. पहिल्या दिवशी तक्रारीनं, नंतर चवीनं. भाऊबंद आले की त्यांनाही वर बसवून घेत आणि बांधाच्या तक्रारी ऐकता ऐकता त्यांच्याकडूनही देठं खुडून घेत. चटणी त्या वर्षी थोडी तिखट झाली. दिरांनी येऊन खास कौतुक केलं.

एका सकाळी अभ्यासिकेचं दार वाजलं. मी तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर होते. सभागृह मुद्दाम टाळून काढलेल्या अध्यादेशांबद्दल सरांच्या दुसऱ्या पुस्तकातलं एक मत मला पटत नव्हतं, आणि ते का पटत नाही हे पहिल्यांदाच कागदावर नीट उतरत होतं. दारात सर उभे होते. हातात कोरे कागद, चष्म्यावर लाल धूळ. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"दुसऱ्या फळीवर एक पिवळं पुस्तक आहे," ते म्हणाले. "लागलं होतं जरा."

"सर, मी लिहितेय," मी म्हणाले. "थोड्या वेळानं देऊ?"

ते काहीतरी म्हणणार होते. मग त्यांनी मान हलवली आणि दार हलकेच ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्याचा आवाज आला. मी वाक्य पूर्ण केलं, मग त्याच्या पुढचंही एक लिहिलं.